पाटील, सहा जण!

कोलाडला रविवारी दुपारी जेवायला पटकन जागा मिळत नाही, त्याला मुळशीचं पाणी कारण आहे. ऐकायला विचित्र वाटतं, पण साखळी सरळ आहे. मुळशी धरणाचं पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून मोठमोठ्या नळांतून खाली भिऱ्याला येतं, टाटांच्या वीजकेंद्रातली चक्रं फिरवतं (हे केंद्र १९२७ पासून चालू आहे) आणि पुढे कुंडलिकेत जातं. सकाळी पाणी सुटलं की नदी भरून वाहते आणि राफ्टिंगच्या रबरी होड्या पाण्यात उतरतात. पाणी ज्या वेळी येईल त्याच वेळी निघायचं, त्यामुळे सगळ्या होड्या मागेपुढे एकाच सुमाराला सुटतात आणि बारा-चौदा किलोमीटर खाली एकाच सुमाराला काठाला लागतात. मग ओले कपडे बदलून, प्रचंड भूक घेऊन ही सगळी मंडळी महामार्गावर जेवायला येतात. मुंबई-गोवा रस्त्यावरच्या गाड्यांची गर्दी त्यात असतेच.

हॉटेलच्या दारात तेव्हा एक माणूस वही घेऊन उभा असतो. ‘किती जण?’ तो विचारतो, नाव लिहितो, ‘वीस मिनिटं’ म्हणतो. एवढ्या देवाणघेवाणीनंतर गिऱ्हाईक बाहेर जातं आणि प्रश्न उरतो तो हा, की टेबल लागल्यावर त्याला कळवायचं कसं? प्रश्न किरकोळ दिसतो. पण त्यावर ध्वनिशास्त्र, रेडिओलहरी, रांगांचं गणित आणि माणसाचा स्वभाव असं बरंच काही खर्ची पडलेलं आहे.

आपल्याकडे जेवायला बोलावण्याची जुनी रीत पंगतीची. पानं मांडली, वाढप झालं, की यजमान येऊन ‘चला, पानं वाढलीत’ म्हणायचे. आजही रोह्याच्या आसपासच्या गावांत लग्नाच्या मांडवात लाउडस्पीकरवरून पुकारा होतो, की मुंबईहून आलेल्या पाहुण्यांनी आधी जेवून घ्यावं. आवाज शेताच्या पलीकडे जातो, म्हणून पाहुणे आंब्याखाली, गाडीत, ओळखीच्या ओटीवर कुठेही बसले असले तरी चालतं. पंगतीत सगळे एकदम बसतात आणि शेवटच्याचा ताकभात संपेपर्यंत थांबून एकदम उठतात. कळवण्याच्या दृष्टीने हे फार सोपं: शंभर माणसांना एक हाक. जागेच्या दृष्टीने मात्र उधळपट्टी, कारण ज्याचं दहा मिनिटांत आटोपलं त्याची जागाही अडून राहते. शिवाय यजमान फिरून ‘सावकाश होऊ द्या’ म्हणत असतो. हॉटेलवाल्याला हे वाक्य परवडत नाही.

हॉटेलात प्रत्येक टेबल वेगवेगळ्या वेळी मोकळं होतं, म्हणून प्रत्येकाला वेगळी हाक द्यावी लागते. गिरगाव-फोर्टकडच्या जुन्या गर्दीच्या खानावळींत यावर गिऱ्हाइकांनीच तोडगा काढला होता. जेवणाऱ्याच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून मागे उभं राहायचं. समोरच्याने हात धुवायला उठावं आणि आपण टेकावं. कळवायला कोणी लागत नाही, नंबर चुकत नाही, फसवणूक होत नाही. पण मानेवर कोणाचा तरी श्वास झेलत आमटी ओरपणं हा काही आनंदाचा भाग नव्हे, आणि उभा राहणाराही तिथेच खिळलेला.

इथेच या सगळ्या खटाटोपाचं मोजमाप सापडतं. कळवण्याच्या प्रत्येक पद्धतीने वाट पाहणाऱ्याला एक दावं बांधलेलं असतं. खुर्चीमागे उभ्या राहणाऱ्याचं दावं हातभर. हाकेवर अवलंबून असलेल्याचं अंगणापर्यंत. हातात थरथरणारी चकती असेल तर रस्त्यापलीकडे, आणि मोबाइल असेल तर गावभर. गेल्या पाऊणशे वर्षांत हे दावं लांबवण्याचीच खटपट चालली आहे. ते लांबलं की हॉटेलवाल्याच्या काय अडचणी होतात, त्याकडे मात्र थोडं उशिरा लक्ष गेलं.

हाकेचं आधी पाहू. उघड्यावर आवाज पसरत जातो तसा अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबलने उतरतो. दारातून पाच मीटरवर खणखणीत वाटणारी हाक चाळीस मीटरवर त्यामानाने १८ डेसिबलने खाली येते, आणि त्यात महामार्गावरून कंटेनर गेला की संपलंच. तरीही हाक बऱ्यापैकी काम करते, कारण आपल्या कानाची एक खोड आहे. १९५३ मध्ये कॉलिन चेरी या ब्रिटिश संशोधकाने गोंगाटात माणूस एकच संभाषण कसं निवडून ऐकतो यावर प्रयोग केले. दोन कानांत दोन वेगळे आवाज सोडले आणि एकाकडेच लक्ष द्यायला सांगितलं, तर दुसऱ्या कानात काय बोललं गेलं ते लोकांना सांगता येईना. पुढे १९५९ मध्ये नेव्हिल मोरे यांना त्यात एक अपवाद सापडला. दुर्लक्षित कानात स्वतःचं नाव घेतलं गेलं, तर सुमारे एकतृतीयांश लोकांना ते ऐकू आलं. म्हणजे गप्पांत रंगलेल्या माणसाला ‘सतरा नंबर’ ऐकू येणार नाही, पण ‘म्हात्रे’ म्हटलं तर त्याची मान वळण्याची शक्यता बरी.

आता हा शोध पेण-रोह्याच्या पट्ट्यात लावून पाहा. ‘पाटील, सहा जण!’ म्हणून हाक दिली की निम्मी ओसरी उठून उभी राहते. उरलेल्यांत म्हात्रे आणि ठाकूर. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरच्या ‘वैशाली’बाहेर हीच गंमत जोशी-कुलकर्णींच्या बाबतीत होते. मग वहीवाला शहाणा होतो. आडनावापुढे गाव लिहितो, मुलाचं नाव लिहितो, किंवा ‘पाटील, पांढरी गाडी’ असं काहीतरी. पांढऱ्या गाड्याही चार असतात, ते सोडा.

आकड्यांचा मार्ग याहून स्वच्छ. बँकेत चेक दिला की पितळी बिल्ला मिळायचा आणि खिडकीतून नंबर पुकारला जायचा, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना टोकनचं वेगळं वर्णन नको. माटुंगा स्टेशनाजवळच्या रामा नायकांच्या उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंगमध्ये (स्थापना १९४२) आधी पैसे भरून कुपन घ्यायचं आणि मग आपल्या नंबराची वाट पाहायची, अशी पद्धत आहे. केळीच्या पानावरचं जेवण ठरलेलं, दर ठरलेला, त्यामुळे नंबर भराभर सरकतात. टोकनचा मोठा गुण असा, की आपल्या पुढे किती आहेत ते प्रत्येकाला मोजता येतं आणि मधे कोणी घुसलं तर दिसतं. त्याच माटुंग्यातल्या १९४० पासूनच्या ‘कॅफे मद्रास’समोर रविवारी सकाळी नावनोंदणीसाठी जी गर्दी होते, तिच्यातल्या लोकांचे डोळे मात्र नाव लिहिणाऱ्याच्या हातातल्या कागदावर खिळलेले असतात. नाव लिहिलेला कागद गिऱ्हाइकाला दिसत नाही, त्यामुळे संशयाला जागा राहते.

आणि संशय फुकटचा नसतो. आपल्यानंतर आलेलं जोडपं आधी आत जाताना दिसतं. वहीवाल्याचं म्हणणं असतं, की दोघांचं टेबल रिकामं झालं, तुम्ही सहा जण आहात. ते बरोबरच असतं. दोघांची, चौघांची आणि सहा-आठांची अशा खरं तर तीन रांगा एका वहीत चालू असतात. पण बाहेर उभ्या राहिलेल्यांना एकच रांग दिसते. रांगांचे अभ्यासक रिचर्ड लार्सन यांनी १९८७ मध्ये लिहिलेल्या लेखात याच गोष्टीवर भर दिला होता. माणसाला वेळ गेल्यापेक्षा मागून आलेला पुढे गेल्याचा राग जास्त येतो. ज्या हॉटेलात दोघांची आणि मोठ्या कुटुंबांची यादी वेगळी करून तसं आधीच सांगतात, तिथे दारात वाद कमी होतात. एवढी साधी गोष्ट फार थोडे लोक करतात.

‘वीस मिनिटं’ हा आकडा येतो कुठून? गणित असं. समजा हॉटेलात २० टेबलं आहेत आणि प्रत्येक टेबलावर जेवण उरकायला सरासरी ४० मिनिटं लागतात. तर दर दोन मिनिटांनी एक टेबल मोकळं होणार. पुढे दहा नावं असतील तर वीस मिनिटं. अनुभवी वहीवाला हे बोटांवरही मोजत नाही, त्याला ते नुसतं कळतं. या विचाराची शास्त्रीय बाजू एका डॅनिश टेलिफोन कंपनीत तयार झाली. कोपनहेगनच्या एक्स्चेंजमध्ये किती तारा ठेवल्या म्हणजे लोकांना फार ताटकळावं लागणार नाही, हे काढताना आग्नर एरलांग यांनी १९०९ मध्ये पहिला निबंध लिहिला. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये एका सोप्या नियमाची सिद्धता दिली: रांगेत सरासरी किती जण असतात, ते येण्याचा वेग गुणिले सरासरी थांबण्याचा काळ. तासाला ३० पार्ट्या येत असतील आणि कायम दहा बाहेर उभ्या दिसत असतील, तर प्रत्येकीला सरासरी वीस मिनिटं थांबावं लागतंय. घड्याळ लावून कोणाच्या मागे फिरायची गरज नाही.

कोलाडला मात्र हा हिशोब फसतो, आणि का फसतो ते पाहण्यासारखं आहे. सरासरी खरी ठरायची तर माणसं दिवसभर थोडी थोडी यायला हवीत. इथे पाण्याबरोबर ती लोंढ्याने येतात. पाऊण वाजता दहा मिनिटांत वीसच्या वीस टेबलं भरली, तर पुढचा अर्धा तास एकही हलत नाही. पाच मिनिटं उशिरा आलेल्याला वहीवाल्याने ‘वीस मिनिटं’ सांगितलं असेल, तर वीस मिनिटांनी त्याच्यापुढचं एकही नाव कटलेलं नसतं. मग दीडच्या सुमाराला एकदम सगळी टेबलं सुटतात, एकदम दहा हाका जातात, स्वयंपाकघरात एकदम तीस सुरमई तळायला येतात आणि दुसऱ्या फेरीचं जेवण पहिल्याहून रेंगाळतं. म्हणजे कागदावर हॉटेल, आणि वागणं पंगतीचं. गाडी आल्यावर रोहा स्टेशनाबाहेरच्या चहावाल्याकडे, किंवा एसटी थांब्यावरच्या हॉटेलात, हेच लहान प्रमाणावर होतं. तिथे तर कंडक्टर ‘गाडी पंधरा मिनिटं थांबेल’ म्हणून सांगतो आणि शेवटी ड्रायव्हर हॉर्न वाजवून टेबलं मोकळी करून देतो.

टेबल मोकळं करवणं ही कळवण्याचीच दुसरी बाजू आहे, आणि आपल्याकडे ती फार नाजूकपणे हाताळली जाते. ‘उठा’ असं कोणी म्हणत नाही. पाणी पुन्हा भरायला कोणी येत नाही. शेजारच्या टेबलावर जरा जास्तच उत्साहाने फडकं फिरतं. न मागता बिलाची बशी येते, तिच्यात बडीशेप असते. बडीशेप आली की बैठक संपली, हे लहान मुलालाही कळतं. मुंबईच्या इराण्यांनी हा आडपडदा ठेवला नाही. त्यांच्या भिंतींवर काय करू नये याच्या पाट्याच असत, आणि धोबीतलावच्या बस्तानीमधल्या अशा सूचनांवरून निस्सीम इझिकेल यांनी इंग्रजीत एक कविताही केली.

दावं लांबवणारं पहिलं यंत्र हॉटेलसाठी नव्हतंच, ते डॉक्टरांसाठी होतं. अल ग्रॉस यांच्या शोधावर आधारलेली पेजरसेवा १९५० मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यूइश हॉस्पिटलात सुरू झाली. गावभर फिरणाऱ्या डॉक्टरला रेडिओने खूण करायची, एवढंच काम. त्याचं छोटं भावंड पुढे अमेरिकेतल्या हॉटेलांत आलं. काउंटरवर एक लहान प्रक्षेपक आणि गिऱ्हाइकाच्या हातात ग्लासाखाली ठेवायच्या चकतीसारखं जाडसर यंत्र. प्रत्येक चकतीला स्वतःचा सांकेतिक क्रमांक असतो. प्रक्षेपक सगळ्यांनाच संदेश पाठवतो, पण ज्या चकतीचा क्रमांक जुळतो तीच जागी होते. आत छोटी मोटर असते आणि तिच्या दांड्याला एका बाजूला जड वजन. वजन मध्यावर नसल्याने मोटर फिरली की सगळी चकती थरथरते. ही युक्ती मोबाइलमध्येही वापरली गेली. थरथरच का? तर आपल्या त्वचेखाली कंप ओळखणारी सूक्ष्म इंद्रियं आहेत, इटालियन शरीरशास्त्रज्ञ पाचिनी यांच्या नावाची. सेकंदाला दोनशे ते तीनशे कंपनांच्या आसपास ती सर्वांत तल्लख असतात. गोंगाटात कान हरतो, तेव्हा तळहात हरत नाही.

चकत्या एकावर एक रचून ठेवतात, त्यामागेही कारण आहे. वर आणि खाली धातूचे संपर्कबिंदू असल्याने एकाच पायावर अख्खी चळत चार्ज होते. मोकळ्या जागेत ही यंत्रं काही शे मीटर चालतात, सिमेंटच्या भिंतींआड पुष्कळ कमी. आपल्याकडे ती मॉलमधल्या फूड कोर्टांत काही ठिकाणी दिसतात, पण टेबलासाठी नाही, डोसा तयार झाला हे सांगण्यासाठी. महामार्गावरच्या हॉटेलवाल्याला ती न रुचण्याचं कारण उघड आहे. चकती खिशात घालून पाहुणे माणगावला पोचले तर ती परत कोण आणणार?

त्यापेक्षा मोबाइल बरा, तो पाहुण्यांनी स्वतःच आणलेला असतो. भारतात पेजरसेवा आणि मोबाइल दोन्ही १९९५ मध्ये आले आणि मोबाइलने पेजरला काही वर्षांतच गिळून टाकलं. २००३ मध्ये येणारे कॉल फुकट झाल्यावर आपल्या लोकांनी जगाला शिकवावी अशी एक सोय रूढ केली: मिसकॉल. एक रिंग द्यायची, उचलायचं नाही, निरोप पोचला. ‘टेबल लागलं की मिसकॉल देतो’ या वाक्यात यंत्र, खर्च आणि करार सगळं सामावलेलं आहे. मोठ्या शहरांतली हॉटेलं टॅबलेटवर नाव घेऊन आपोआप मेसेज पाठवतात, पण त्यासाठी कागदपत्रं लागतात. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार व्यवसायाला ठोक एसएमएस पाठवायचे तर पाठवणाऱ्याचं नाव आणि मजकुराचा साचा आधी नोंदवावा लागतो. नको त्या जाहिरातींना आळा घालण्यासाठी हे ठीकच आहे, पण पंधरा टेबलांच्या हॉटेलमालकाने ‘या, जागा झाली’ या तीन शब्दांसाठी एवढा सोपस्कार का करावा? त्यामुळे तो साध्या कॉलवर, नाहीतर व्हॉट्सॲपवर राहतो.

नंबर देताना दोनदा विचार करावा, हेही खरं. एका थाळीसाठी दिलेला नंबर पुढे वर्षभर फार्महाउसच्या प्लॉटच्या जाहिराती आणू शकतो. दुकानदारांनी बिलासाठी मोबाइल नंबरची सक्ती करू नये, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये बजावलं आणि त्याच वर्षी वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. वहीत लिहिलेला नंबर संध्याकाळी कुठे जातो, हे विचारायला गिऱ्हाइकाने लाजू नये.

दावं गावभर लांबलं की नवी अडचण येते: माणूस येतच नाही. दारात ताटकळणारा क्वचितच निघून जातो. मोबाइलवाला मात्र तीन हॉटेलांत नाव लिहून नदीवर फोटो काढत बसतो आणि जिथून आधी फोन येईल तिथे जातो. उरलेल्या दोन हॉटेलांतली टेबलं दहा दहा मिनिटं रिकामी, आणि ती रिकामी टेबलं दारातल्या उपाशी माणसांना दिसत असतात. रविवारी दुपारी हॉटेलवाल्याच्या दृष्टीने याहून वाईट देखावा नाही. शिवाय घाटाच्या कुशीत रेंज येते-जाते; संदेश गेला म्हणजे पोचला असं नाही.

वाट पाहणाऱ्याच्या मनात काय चालतं, यावर डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ मध्ये लिहिलेला लेख अजून वाचला जातो. रिकामा वेळ भरलेल्या वेळेपेक्षा लांब वाटतो, किती वेळ लागेल हे माहीत नसलं तरी लांब वाटतो, आणि कारण कळलं नाही तरीही. म्हणून काही हॉटेलं मुद्दाम वेळ वाढवून सांगतात. तीस म्हणायचं आणि बावीसला बोलवायचं, म्हणजे पाहुणा खूश. माझ्या मते ही चलाखी फार चालत नाही, कारण नेहमीची गिऱ्हाइकं दोन खेपांत भाव ओळखतात आणि अनोळखी लोक तीस ऐकून पुढच्या हॉटेलात जातात. चीनच्या हायदीलाव या साखळी हॉटेलांनी वेगळी वाट धरली. बाहेर थांबणाऱ्यांना फळं, खाऊ, इतकंच काय, नखं रंगवून देण्याचीही सोय. कोकणातल्या हॉटेलने एवढं करायची गरज नाही. सावलीत दोन बाकं, माठातलं पाणी आणि मेन्यूकार्ड बाहेरच दिलं तरी पुष्कळ. मेन्यूकार्डाने तर दुहेरी काम होतं. वेळही जातो, आणि काय मागवायचं ते ठरलेलं असल्याने टेबलावरची पाच-सात मिनिटं वाचतात. चाळीसची पस्तीस झाली, तर दर तासाला वीस टेबलांवर तीसऐवजी चौतीस पार्ट्या बसतात. कोणतंही यंत्र न घेता.

गर्दीत मुरलेल्या हॉटेलांत शेवटी मिश्र पद्धत दिसते. आधी हाक, मग फोन, मग वेटरला पार्किंगमध्ये पाठवून गाडीच्या काचेवर टकटक. कोर्टात पक्षकाराच्या नावाचा तीनदा पुकारा व्हायचा, तसं तिसऱ्या खेपेनंतर नावापुढे फुली पडते आणि खालच्याला बोलावलं जातं. मग पाच मिनिटांनी पाटील धावत येतात, मुलाला बाथरूमला नेलं होतं म्हणून सांगतात. चांगला वहीवाला त्यांना यादीच्या तळाला ढकलत नाही. पुढचं सहाचं टेबल त्यांना देतो, आणि ज्यांचं टेबल त्यांच्यामुळे आधी लागलं त्या म्हात्र्यांना आतापर्यंत सोलकढी आलेली असते.